नाळेतली नळी, दंडातली नळी

गेल्या अंकात कमी दिवसांच्या बाळांवर लेख होता. त्यात ‘सेंट्रल लाइन’ (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक नळी) हा शब्द एका ओळीत येऊन गेला, आणि तेवढ्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यालाच देतो आहोत. निम्मी पत्रं घरच्यांची आहेत, निम्मी उपनगरांतल्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षांत) काम करणाऱ्या सिस्टर आणि डॉक्टरांची. उत्तरं वेगळी काढलेली नाहीत. सिस्टरांसाठी लिहिलेलं आजीने वाचलं तर काही बिघडत नाही.

प्रश्न : नात अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाली, वजन ९८० ग्रॅम. काचेच्या पेटीत आहे. हाताला सलाईन चालू असताना डॉक्टर सेंट्रल लाइनसाठी सही मागतात. थेट हृदयापर्यंत नळी कशाला? शिवाय पाचवी पुजायची आहे. नाळेला थोडी हळद लावली तर चालेल का? (एक आजी, डोंबिवली)

उत्तर : आधी हळदीचं : नाही. पाचवी घरी पुजा, पाटा-वरवंटा मांडा, पण नाळेला हळद, तेल, राख काहीही नको. विशेषतः त्याच नाळेतून नळी घातली असेल तर ती जागा म्हणजे रक्तात शिरायचं उघडं दार आहे.

आता नळीचं. एवढ्या लहान बाळाचं आतडं पहिल्या दिवसापासून पूर्ण दूध पेलत नाही, म्हणून साखर, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि क्षार शिरेतून द्यावे लागतात. याला टीपीएन म्हणतात. हे द्रावण रक्तापेक्षा फार दाट असतं. रक्ताची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचा दाटपणा मोजणारा आकडा, ३०० च्या आसपास, हाताच्या शिरेला साधारण ९०० पर्यंतचं सोसतं, आणि पूर्ण पोषणाचं द्रावण सहज त्यावर जातं. साध्या शिरेतून साडेबारा टक्क्यांपेक्षा दाट डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) देत नाहीत तेही याचसाठी. हातातली शीर दोऱ्याएवढी. दाट द्रावण तिची भिंत भाजतं, मग ते बाहेर झिरपतं आणि कातडी काळी पडते. कॅल्शियम किंवा रक्तदाबाची औषधं झिरपली तर व्रण आयुष्यभर राहू शकतो. याउलट हृदयाजवळच्या महाशिरेत रक्ताचा ओघ इतका मोठा की पडलेला थेंब लगेच पातळ होतो. शिवाय साधी सलाईन दोन-तीन दिवसांत जाते आणि पुन्हा सुई टोचावी लागते.

नळी हृदयात नसते, हृदयाच्या उंबरठ्यावर असते. ती उंबरठ्याच्या आत गेली तर काय होतं ते पुढे एका उत्तरात आहे. सही करताना तीन गोष्टी विचारा : कुठून घालणार, टोक कुठे आहे हे कशावरून ठरवणार, आणि अंदाजे कधी काढणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू’ असं आलं, तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

प्रश्न : नाळेतली लाइन किती सेंटिमीटर आत घालायची? आमच्याकडे एक डॉक्टर वजनाचं सूत्र वापरतात, दुसरे खांद्यापासून बेंबीपर्यंत मोजतात. एक्स-रेत टोक यकृतावर दिसलं तरी ‘राहू दे, चालू करा’ म्हणतात. (एनआयसीयू सिस्टर, भांडुप)

उत्तर : सूत्र असो वा टेप, दोन्ही फक्त नळी कुठे थांबवायची याचा अंदाज देतात. टोक कुठे आहे हे चित्रातच कळतं.

नाळेच्या कापलेल्या तोंडावर तीन छिद्रं दिसतात. दोन रोहिणी : लहान, जाड भिंतीच्या, पांढरट, किंचित वर आलेल्या. एक नीला : मोठी, पातळ भिंतीची, सैल, बहुधा घड्याळातल्या बाराच्या जागी. नळी दीड किलोपेक्षा कमी बाळाला ३.५ फ्रेंच, त्यापुढे ५ फ्रेंच. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. खोलीचं रूढ सूत्र असं : किलोतल्या वजनाला दीडने गुणा, साडेपाच मिळवा. १.२ किलोच्या बाळाला ७.३ सेंटिमीटर. त्यात नाळेच्या उरलेल्या खुंटाची लांबी धरायला बरेच जण विसरतात, आणि तिथेच पहिला एक-दीड सेंटिमीटर चुकतो. फार लहान बाळांत हे गणित नळी गरजेपेक्षा खोल नेतं हेही लक्षात असू द्या.

टोक हवं ते खालची महाशीर उजव्या कर्णिकेला (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याला) मिळते तिथे, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या जरा वर. एक्स-रेत ही जागा साधारण टी-८ ते टी-९ (छातीच्या आठव्या-नवव्या) मणक्यांसमोर येते. नळी बेंबीपासून सरळ वर, किंचित उजवीकडे झुकून जाताना दिसायला हवी. ती मध्येच वळली, टोक यकृताच्या सावलीत आडवं पडलं, तर ती पोर्टल शिरेच्या (आतड्यांतलं रक्त यकृतात नेणाऱ्या शिरेच्या) फांदीत शिरली आहे. ‘राहू दे, चालू करा’ इथे चालत नाही. तिथून टीपीएन दिलं तर ते यकृताच्या पेशींत साचतं. पोट फुगतं, यकृत सुजतं, पुढे पोर्टल शिरेत गुठळी होऊ शकते. जन्मताच शुद्धीवर आणण्याच्या धावपळीत ॲड्रेनलिनसाठी नळी जेमतेम २ ते ४ सेंटिमीटर, रक्त येईपर्यंतच घालतात. तेवढ्या कामाला ती ठीक. त्याच नळीतून नंतर टीपीएन किंवा कॅल्शियम सोडायचं नाही.

खोल गेलेली नळी मोजून मागे ओढता येते. कमी पडलेली मात्र, निर्जंतुक कापड निघाल्यावर, पुढे ढकलायची नाही. बाहेरचा भाग आता स्वच्छ राहिलेला नसतो. नवीन घाला. सोनोग्राफी किंवा टूडी इको करणारे हात उपलब्ध असतील तर एक्स-रेपेक्षा ते जास्त खात्रीचं, कारण मणक्यांवरून काढलेला अंदाज बाळागणिक हलतो. आणि पहिल्या दिवशीचं चित्र चौथ्या दिवशी खरं असेलच असं नाही : नाळ सुकून आखडते, पोट फुगतं-उतरतं, टोक सरकतं. त्यामुळे नळीवरचा सेंटिमीटरचा आकडा प्रत्येक शिफ्टला वाचून चार्टवर लिहा. ‘लाइन ठीक’ हा शेरा कुणाच्याच उपयोगाचा नाही.

ही नळी साधारण आठवडाभर ठेवतात, नीट सांभाळली तरी १४ दिवसांच्या पुढे नाही. पुढे गरज असेल तर दंडातून किंवा पायातून बारीक लाइन, म्हणजे पिक लाइन.

प्रश्न : लाइन असलेलं बाळ अचानक खालावलं तर टॅम्पोनाडचा (हृदयाभोवती पाणी साचून ते आवळलं जाण्याचा) विचार करा असं वाचलं. एवढ्या बारीक, मऊ नळीने हृदय फाटतं? (रेसिडेंट डॉक्टर, शीव)

उत्तर : फाटायलाच हवं असं नाही, म्हणूनच ते फसवतं. टोक कर्णिकेच्या पातळ भिंतीला टेकून बसतं. प्रत्येक ठोक्याला घासतं, आणि दाट द्रावण एकाच जागी सुटत राहतं. भिंत सुजते, मग द्रावण तिच्यातून झिरपून हृदयाच्या पिशवीत जमतं. रक्ताचा थेंब न सांडता हृदय आवळलं जातं.

ब्रिटनच्या आरोग्य खात्याने अशा चार बाळांच्या मृत्यूंची चौकशी करून २००१ मध्ये अहवाल काढला. टोक उजव्या कर्णिकेत ठेवू नये, ही त्यातली मुख्य सूचना. पिक लाइनसाठी प्रचलित पट्टी अशी : हृदयाच्या सावलीबाहेर, अकाली बाळात किमान १ सेंटिमीटर, पूर्ण दिवसांच्या बाळात २. पायातून घातलेली असेल तर टोक खालच्या महाशिरेत, पडद्याच्या आसपास. कमरेच्या मणक्यांपाशी अडकलेलं टोक धोक्याचं, कारण तिथे ते मणक्याच्या शिरांत वळू शकतं.

यात एक चूक नेहमीची आहे. एक्स-रे काढताना हात बाजूला ताणून धरतात, टोक छान दिसतं, सगळे खूश. नंतर बाळ हात छातीशी घेतं, कोपर दुमडतं, आणि दंडाच्या आतल्या बाजूच्या शिरेतली नळी हृदयाकडे सरकते. अकाली बाळात एक सेंटिमीटर म्हणजे फार. एक्स-रे बाळ ज्या अवस्थेत झोपणार आहे त्याच अवस्थेत, हात दुमडून काढा, आणि हाताची अवस्था फिल्मच्या नोंदीत लिहा.

चित्र असं असतं : लाइन घालून काहीच दिवस झालेले, टीपीएन चालू, आणि बरं असलेलं बाळ अचानक पांढरं पडतं. ठोके मंदावतात, रक्तदाब कोसळतो, हृदयाचे आवाज दूरवरून आल्यासारखे. छाती दाबून, ॲड्रेनलिन देऊन फरक पडत नाही. मनात सेप्सिस (रक्तातला संसर्ग) येतो, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर हवा साचणं) येतो, टॅम्पोनाड शेवटी. लाइन आत असेल तर क्रम उलटा करा. पहिलं काम : त्या लाइनचे सगळे पंप बंद. लाइनमधून हलकेच मागे ओढून बघा. हाताशी सोनोग्राफीचा प्रोब असेल तर छातीच्या खाली ठेवून तीस सेकंदांत पाणी दिसतं. प्रोब नसेल आणि बाळ हाताबाहेर जात असेल तर एक्स-रेची वाट बघत बसू नका. २२ किंवा २४ गेजची कॅन्युला छातीच्या हाडाच्या टोकाखालून, त्वचेशी ३० ते ४५ अंशांत, डाव्या खांद्याच्या दिशेने, सिरिंज ओढत ओढत आत. काही मिलीलीटर काढले तरी ठोके परततात. निघालेलं पाणी दुधाळ असेल, त्यात साखर भरमसाट असेल, तर कारण हातात आलं. हे काम वरिष्ठांचं आहे. पण वरिष्ठ घाटकोपरच्या ट्रॅफिकमध्ये असतील तेव्हा कोण करणार हे युनिटमध्ये आधी ठरलेलं असावं.

प्रश्न : आमच्या युनिटमध्ये लाइनचा संसर्ग वारंवार होतो. हात धुतो, ग्लोव्ह्ज घालतो, रोज ड्रेसिंग बदलतो. कुठे चुकतं? (सिस्टर इन-चार्ज, चेंबूर)

उत्तर : ‘रोज ड्रेसिंग बदलतो’ इथेच. नवजात बाळात पारदर्शक ड्रेसिंग सैल, ओलं किंवा मळकट झालं तरच बदलायचं. दर वेळी चिकटपट्टी निघते, सोबत कातडीचा थर निघतो आणि नळीही अर्धा सेंटिमीटर सरकते. क्लोरहेक्झिडिन (जंतुनाशक) भिजवलेली ड्रेसिंग्ज अकाली बाळांना नकोत.

घालतानाचे नियम बहुतेक युनिट पाळतात : टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन, पावडर नसलेले ग्लोव्ह्ज, पूर्ण बाळ झाकणारं कापड. एकच गोष्ट सांगतो. अल्कोहोलमधलं क्लोरहेक्झिडिन किलोखालच्या बाळाला अक्षरशः भाजतं, विशेषतः ते ओघळून पाठीखाली साचलं तर. पाण्यातलं वापरा, थोडंच वापरा, ३० सेकंद सुकू द्या, काम झाल्यावर उरलेलं निर्जंतुक पाण्याने टिपून काढा. पोव्हिडोन आयोडीन तसंच ठेवलं तर बाळाच्या थायरॉइडवर परिणाम होतो, तेही पुसा.

खरी गळती घातल्यानंतर होते, आणि ती हबवर, म्हणजे नळीच्या बाहेरच्या जोडाच्या तोंडावर. लाइन आठवडाभर राहिली तर एकदा घालायची आणि शेकडो वेळा उघडायची. प्रत्येक वेळी अल्कोहोल स्वॅबने हब घासायचा, पुसायचा नाही : किमान १५ सेकंद, लिंबू पिळताना मनगट फिरतं तसं, मग सुकू द्यायचा. ओला हब जोडला तर अल्कोहोल आत जातं आणि जंतू मरतही नाहीत. थ्री-वे (तीन तोंडांचे जोड) जितके जास्त तितकी दारं जास्त. एका लाइनवर तीन-तीन थ्री-वेची माळ असेल तर आधी ती तोडा. टीपीएनच्या लाइनला शक्यतो दुसरं काही जोडू नका. स्निग्ध पदार्थांचा सेट दर २४ तासांनी बदला. साध्या द्रावणाचा सेट ९६ तासांच्या आत विनाकारण बदलू नका. बदल म्हणजेही उघडणं.

कोपराखाली काहीही नको : बांगड्या, घड्याळ, अंगठी, देवळातून आणलेला लाल दोरा. दोऱ्यावरून वाद होतो हे ठाऊक आहे. तो सोडून लॉकरमध्ये ठेवता येतो.

आणि मोजा. ‘वारंवार’ हा आकडा नव्हे. रोज एका ठरलेल्या वेळी किती बाळांना लाइन आहे ते लिहा. महिन्याची बेरीज म्हणजे लाइन-दिवस. २४० लाइन-दिवसांत ३ संसर्ग झाले तर हजारी १२.५. असा आकडा भिंतीवर लागला की चर्चा कुणाच्या हातावर न जाता कामावर येते. अमेरिकेत मिशिगनमधल्या आयसीयूंनी हात धुणं, पूर्ण आवरण, क्लोरहेक्झिडिन, मांडीची शीर टाळणं आणि नको असलेली लाइन काढणं, एवढ्या पाच गोष्टी काटेकोर करून संसर्ग मोठ्या प्रमाणात कमी केल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. ते युनिट मोठ्यांचे होते आणि बाळांना मांडीचा नियम तसाच लागू नाही, पण उरलेलं जसंच्या तसं लागू आहे. आपल्याकडे क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू जास्त सापडतात. ते सिंक, ओले फडके, उघड्या सलाईनच्या बाटल्या यांतून येतात. एका बाटलीतून पाच बाळांचे फ्लश (नळी धुवायचं द्रावण) भरणं आजच बंद करा.

प्रश्न : १ फ्रेंचची पिक लाइन अडली. २ मिलीच्या सिरिंजने जोर लावून मोकळी करावी का? (सिस्टर, मुलुंड)

उत्तर : अजिबात नको. अंगठ्याचा जोर तोच असला तरी सिरिंज जितकी बारीक तितका दाब जास्त. १ मिलीच्या सिरिंजमधून १० मिलीच्यापेक्षा जवळपास नऊपट. नळी फुटते, किंवा गुठळी पुढे जाते. फ्लश नेहमी १० मिलीच्या सिरिंजने, द्रव मात्र अर्धा-एक मिलीच. आतली जागा असते साधारण ०.१ मिली, जास्त लागतच नाही.

आधी बाहेरून बघा : क्लॅम्प, मुरड, ड्रेसिंगखाली दुमडलेली नळी, दुमडलेलं कोपर. निम्म्या ‘अडलेल्या’ लाइन इथेच मोकळ्या होतात. मग हलकेच मागे ओढा. नाहीच झाली तर डॉक्टरांना कळवा. बहुधा काढणंच शहाणपणाचं.

ती अडते का? या नळीतून रक्त काढलं किंवा चढवलं म्हणून. किंवा वेग तासाला अर्ध्या मिलीपेक्षा कमी ठेवला म्हणून. किंवा औषधं एकमेकांत थिजली म्हणून : कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि फॉस्फेट, फेनिटॉइन आणि डेक्स्ट्रोज. सेफ्ट्रिॲक्सोन तर कॅल्शियम चालू असलेल्या नवजात बाळाला द्यायचंच नाही. अतिमंद वेगाला ५० मिलीची सिरिंज लावली तर पंपाचा अडथळ्याचा अलार्म वाजायला तासभरही लागू शकतो. लहान सिरिंज लावा, दाबाची मर्यादा खाली ठेवा.

हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घालत असाल तर कुपीवरचा आकडा दोघांनी मोठ्याने वाचा. २००७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मिलीला १० युनिटच्या जागी १०,००० युनिटची कुपी जुळ्या बाळांना वापरली गेली. हजारपट. बाळं वाचली. आपल्याकडे मिलीला १००० आणि ५००० अशा कुप्या एकाच ट्रेमध्ये असतात. वेगळ्या ठेवा.

प्रश्न : बाळाला दंडात लाइन आहे. विरारहून रोज येतो, पण कांगारू केअर (बाळाला उघड्या छातीशी धरणं) द्यायला भीती वाटते. लाइन कधी निघेल? (एक वडील, विरार)

उत्तर : लाइन आहे म्हणून कांगारू थांबत नाही. सिस्टर बाळ छातीवर ठेवतील, नळी तुमच्या कपड्याला पट्टीने लावतील, म्हणजे ओढ ड्रेसिंगवर येणार नाही. तुम्ही एवढंच पाहा : ड्रेसिंगचा कडा उचललेला नाही, दंड दुसऱ्या दंडाएवढाच आहे, नळीत रक्त मागे आलेलं नाही, जोड ओला नाही. यातलं काही दिसलं तर लगेच सांगा, उगाच त्रास नको म्हणून गप्प बसू नका. एक किलोच्या बाळात एकूण रक्त ८० ते ९० मिली, कटिंग चहाच्या ग्लासाएवढं. सुटलेल्या जोडातून ते लवकर जातं. काळ्या मण्यांच्या मनगट्या, वाळे, ताईत त्या हातापायाला नको.

लाइन निघते ती दुधावर. तोंडाने किंवा नळीने दर किलोमागे दिवसाला सुमारे १२० मिली दूध पचायला लागलं की लाइनची गरज संपते. म्हणजे ती लवकर काढण्यात आईच्या दुधाचा वाटा डॉक्टरांपेक्षा मोठा. आईला दर दोन-तीन तासांनी दूध काढायला सांगा. कमी पडलं तर दूध पेढीबद्दल विचारा. आशियातली पहिली दूध पेढी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातच डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली.

प्रश्न : बाळ मुंबईला पाठवताना नाळेची लाइन चालू ठेवावी की काढावी? (नर्सिंग होम, वसई)

उत्तर : ठेवा, पण निघण्याआधी टोकाचा एक्स-रे सोबत द्या. नळीवरचा सेंटिमीटरचा आकडा चिठ्ठीत लिहा. जोड लुअर-लॉकचेच (फिरवून घट्ट बसणारे) हवेत, नुसते खोचलेले हायवेच्या खड्ड्यात सुटतात. पंपाची बॅटरी तपासा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दूध देण्याची नळी आणि शिरेची नळी यांना वेगवेगळ्या रंगाची लेबलं लावा.

प्रश्न : पिक लाइन काढताना अडकली आणि सगळे घाबरले. काय करायला हवं होतं? (स्टाफ नर्स, ठाणे)

उत्तर : थांबायला हवं होतं. शीर आकुंचन पावते आणि नळी धरून ठेवते. ओढलं की ती रबरासारखी ताणते, मग तुटते. काढताना आत शिरल्या जागेजवळ धरून एकेक सेंटिमीटर ओढायचं. अडली तर ओढ सोडा, पट्टीने पुन्हा चिकटवा, दंडावर कोमट, गरम नव्हे, शेक ठेवा, वीस-तीस मिनिटांनी पुन्हा बघा. गरज पडली तर काही तासांनी. त्या जागेवर दाबून धरू नका, दाबाने शीर आणखी आवळते.

तुटलीच तर बाहेर दिसणारं टोक लगेच पकडा. दिसत नसेल तर दंडावर, खांद्याकडच्या बाजूला, शिरेचा प्रवाह थांबेल इतपतच घट्ट पट्टी बांधा, नाडी लागत राहिली पाहिजे. बाळ हलवू नका, एक्स-रे तिथेच, बालशल्यचिकित्सकांना फोन.

अलगद निघाली तरी फेकू नका. पट्टीवर ठेवून मोजा, घालताना लिहिलेल्या लांबीशी जुळवा, टोक पूर्ण आहे का पाहा, मग दोन सह्या.